मॉडेल रॉकेटचे इंजिन: एक अक्षर आणि दोन अंकांची भाषा

सोव्हिएत संघाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना रॉकेटचे वेड लागले. धातूच्या नळीत घरीच रसायने ठासण्याच्या प्रयोगांत अनेक मुले जायबंदी झाली, काहींना प्राणही गमवावे लागले. नेब्रास्का राज्यातील ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्येच हलके मॉडेल रॉकेट व त्याचे बदलता येणारे इंजिन तयार केले होते. त्याच धर्तीवरील, कारखान्यात बनलेले आणि कागदी आवरणाचे इंजिन हा सुरक्षित पर्याय ठरला. अशा इंजिनावर छापलेला ‘सी ६-५’ यासारखा संकेत वाचता येणे, हा या छंदाचा पहिला धडा होय.

अक्षराचा अर्थ
अक्षर इंजिनाचा एकूण आवेग, म्हणजे रेटा आणि ज्वलनकाळ यांचा गुणाकार, दर्शविते. त्याचे एकक न्यूटन-सेकंद आहे. ‘ए’ वर्गाची मर्यादा १.२६ ते २.५०, ‘बी’ची २.५१ ते ५.००, तर ‘सी’ची ५.०१ ते १०.०० असते. प्रत्येक पुढच्या अक्षरागणिक कमाल मर्यादा दुप्पट होते. ‘जी’पर्यंत ती १६० वर पोहोचते. त्यामुळे एकाच अक्षराच्या दोन इंजिनांच्या शक्तीतही जवळपास दुपटीचा फरक असू शकतो.

अंकांचा अर्थ
अक्षरानंतरचा अंक सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो. ‘सी ६’ आणि ‘सी ११’ एकाच वर्गातील. मात्र दुसरे आपली शक्ती कमी वेळात, अधिक जोराने खर्च करते. म्हणून जड रॉकेटला ते मानवते.

शेवटचा अंक विलंबाचा. इंधन संपल्यावर रॉकेट वेगाच्या बळावर वर जात राहते. ठरावीक सेकंदांनंतर छोटा स्फोटक भार पेटतो आणि हवाईछत्री बाहेर फेकली जाते. ‘५’ म्हणजे पाच सेकंद. येथे ‘०’ असल्यास इंजिन बहुटप्पी रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते. ‘पी’ असल्यास छत्री उघडणारा भारच नसतो.

चूक महागात पडते
विलंब फार कमी असेल, तर रॉकेट वेगात असतानाच छत्री उघडून फाटते. तो फार जास्त असेल, तर रॉकेट नाक खाली करून जमिनीकडे झेपावते आणि खाली उभ्या असलेल्यांना धोका निर्माण होतो. ‘एच’ व त्यापुढील इंजिने उच्चशक्तीची गणली जातात. ती वापरण्यासाठी अमेरिकेत प्रौढ व्यक्तीला प्रमाणपत्र मिळवावे लागते.

‘डी’पर्यंतची इंजिने किमान १५ फुटांवरून विजेच्या साहाय्याने पेटवावीत, असा ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ या अमेरिकी संस्थेचा नियम आहे. इंजिन न पेटल्यास सुरक्षा-कळ काढून एक मिनिट थांबावे आणि मगच जवळ जावे, असेही ही संस्था बजावते.