चांदीपुरा व्हायरस रोग

मुख्यतः वालुमाशीच्या दंशातून माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या आणि लहान मुलांच्या मेंदूवर आघात करणाऱ्या एका व्हायरसजन्य रोगास ही संज्ञा देतात. नागपूर येथील चांदीपुरा या वस्तीवरून व्हायरसाला हे नाव पडले. रोगकारक आधी सापडला व त्याचे मारक स्वरूप मात्र जवळजवळ चार दशकांनंतर पुरतेपणी ध्यानात आले, हे या रोगाच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

इतिहास : १९६५ च्या उन्हाळ्यात नागपूर शहरात डेंग्यू व चिकुनगुन्या या ज्वरांची साथ आली. पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्रात (स्थापना १९५२, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी दोन रुग्णांच्या रक्तरसातून एक निराळाच व्हायरस अलग झाला. पी. एन्. भट्ट व एफ्. एम्. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे पकडलेल्या वालुमाश्यांत तो आढळला व त्याच्या वाहकाचा सुगावा लागला. भारताच्या निरनिराळ्या भागांतील माणसांच्या व पाळीव जनावरांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे मिळाली. आफ्रिकेत नायजेरियातील जाहक या प्राण्यात व सेनेगलमधील वालुमाश्यांतही तो सापडला. १९८० मध्ये मध्य प्रदेशातील मेंदुविकाराच्या रुग्णात त्याचे अस्तित्व दिसून आले. तथापि साथ निर्माण करणारा रोगकारक म्हणून त्याची गणना झाली नाही.

अमेरिकेतील लीजनेअर रोगाचा इतिहास याच्या उलट आहे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर २२१ व्यक्ती आजारी पडल्या व ३४ दगावल्या. त्यानंतर जोसेफ मॅकडेड यांना जानेवारी १९७७ मध्ये रोगकारक जंतू ओळखता आला. तेथे मृत्यूंनी शोधाला चालना दिली. नागपूरच्या बाबतीत शोध लागूनही व्हायरस दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. दोन्ही रोगांत एक साम्य मात्र आहे. ते सामान्यतः माणसाकडून माणसाकडे जात नाहीत, तर परिसरातून येतात : लीजनेअरचा जंतू पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून श्वासावाटे, तर चांदीपुरा व्हायरस कीटकाच्या दंशातून.

जून ते ऑगस्ट २००३ या काळात आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना तीव्र मेंदुविकार जडला व त्यांपैकी १८३ मरण पावली. पुण्याच्या संस्थेने ही साथ या व्हायरसाची असल्याचे दाखविले. हा विकार मस्तिष्कशोथ की मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा, याविषयी त्या वेळी तज्ञांत मतभेद होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात व २००४ मध्ये गुजरातच्या पूर्व भागात या रोगाचा प्रादुर्भाव झाला. २००७ मध्ये नागपूर विभागातच ७८ मुले आजारी पडली व त्यांपैकी सु. ४४ टक्के दगावली. जून ते ऑगस्ट २०२४ मध्ये प्रामुख्याने गुजरातेत पसरलेल्या तीव्र मेंदुविकाराच्या साथीत २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले; त्यांपैकी ६४ रुग्णांत हा व्हायरस निश्चित झाला.

प्रसार : हा व्हायरस ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुलातील असून बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. अलर्क रोगाचा (रेबीजचा) व्हायरस याच कुलातील आहे. वालुमाशी सु. २ ते ३ मिमी. लांब असून मच्छरदाणीच्या सामान्य छिद्रांतून सहज आत येते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठे, शेणाचे ढिगारे अशा ओलसर व अंधाऱ्या जागी तिची पैदास होते. ती उड्या मारल्यासारखी थोडे अंतर उडते व बहुधा संध्याकाळनंतर चावते. केवळ मादी रक्त शोषते. बाधित मादीकडून अंड्यांवाटे पुढील पिढीतही व्हायरस जातो, हे प्रयोगांत दिसून आले आहे. पावसाळ्यात वालुमाश्या वाढतात व साथीही त्याच सुमारास उद्भवतात.

लक्षणे व उपचार : प्रामुख्याने पंधरा वर्षांखालील मुले बळी पडतात. एकाएकी तीव्र ताप, वांती, आकडी व बेशुद्धी ही प्रमुख लक्षणे होत. रोगाची गती विलक्षण असून रुग्णालयात दाखल केल्यापासून चोवीस तासांतही मृत्यू ओढवतो. विशिष्ट औषध किंवा लस उपलब्ध नाही. ताप उतरविणे, आकडी थांबविणे व मेंदूवरील दाब कमी करणे एवढेच उपचार करता येतात. त्यामुळे मूल वेळेवर रुग्णालयात पोहोचणे निर्णायक ठरते.

प्रतिबंध : भिंतींच्या भेगा लिंपणे, गोठे घरापासून दूर व कोरडे ठेवणे, भिंतींवर कीटकनाशक फवारणे, बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपणे व मुलांना अंगभर कपडे घालणे हे उपाय योजतात. रोगाचा जोर ग्रामीण भागातील कच्च्या घरांत अधिक दिसून येत असल्याने निवाऱ्याची सुधारणा हा प्रतिबंधाचा महत्त्वाचा भाग ठरतो.