स्वनागरिकाचे प्रत्यर्पण : एका वादाचे मूळ

परदेशात गुन्हा करून मायदेशी परतलेल्या नागरिकास, गुन्हा जेथे घडला त्या देशाच्या स्वाधीन करावे की नाही, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकापासून पाश्चात्त्य राष्ट्रांत दोन पक्ष दिसतात. फ्रान्स, जर्मनी, इटली प्रभृती राष्ट्रांनी नकार दिला. इंग्लंड व अमेरिका यांचा कल प्रत्यर्पणाकडे राहिला. हा भेद पुष्कळदा राष्ट्राभिमान आणि न्यायबुद्धी यांच्यातील भेद म्हणून सांगितला जातो. ही मांडणी इंग्रजांस सोयीची असली, तरी वस्तुस्थितीला पुरेशी धरून नाही. भेदाचे मूळ भावनेपेक्षा फौजदारी अधिकाराच्या मर्यादेत शोधावे लागते.

फ्रान्सचा नकारही अनादी नव्हता. नेपोलियनच्या २३ ऑक्टोबर १८११ च्या हुकुमान्वये सम्राटाच्या संमतीने फ्रेंच नागरिकास परकीय सरकारच्या हवाली करता येत असे. पुढे व्यवहार उलट दिशेने गेला आणि १९२७ च्या कायद्याने निषेध पक्का झाला. जर्मन साम्राज्याच्या १८७१ च्या दंडसंहितेतील नवव्या कलमाने तोच निर्बंध घातला. परंतु या राष्ट्रांच्या कायद्यांत नागरिकाने परदेशात केलेल्या गंभीर गुन्ह्यांचा न्याय स्वदेशी न्यायालयात करण्याची सोय होती. त्यामुळे प्रत्यर्पणास नकार देणे म्हणजे गुन्हेगारास मोकळे सोडणे, असा अर्थ तेथे होत नसे.

इंग्लंडची गोष्ट वेगळी होती. गुन्हा जेथे घडला तेथेच त्याची चौकशी व्हावी, हे तेथील कायद्याचे सामान्य सूत्र. त्याचा परिणाम १८७७ मध्ये विल्सन प्रकरणी उघड झाला. स्वित्झर्लंडमध्ये चोरी केल्याचा आरोप असलेला हा ब्रिटिश प्रजाजन इंग्लंडात सापडला. पण १८७४ च्या ब्रिटिश-स्विस तहान्वये उभय देशांनी आपापले प्रजाजन स्वाधीन करावयाचे नव्हते. त्याला हवाली करता येईना, आणि इंग्लंडात त्याच्यावर खटलाही चालवता येईना. न्यायालयाने त्यास सोडले. सरन्यायाधीश कॉकबर्न यांच्याच अध्यक्षतेखालील राजकीय आयोगाने १८७८ मध्ये अहवाल देताना, राष्ट्रीयत्व न पाहता आरोपी स्वाधीन करावा, अशी शिफारस केली. त्याच वर्षी स्पेनशी झालेल्या तहात स्पेनने आपले प्रजाजन वगळले, ब्रिटनने वगळले नाहीत. ही उदारता खरी. तिच्यामागे अधिकाराची उणीव होती, हेही तितकेच खरे.

तरीही एवढ्याने सारा उलगडा होत नाही. टूरव्हिल हा ब्रिटिश प्रजाजन. त्याने १८७६ मध्ये ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात पत्नीचा खून केल्याचा आरोप होता. ब्रिटिश प्रजाजनाने परदेशात केलेल्या खुनाचा खटला इंग्लंडात चालवण्याची तरतूद १८६१ च्या कायद्यात होती. म्हणजे येथे अधिकाराची उणीव नव्हती. तरी इंग्लंडने त्यास ऑस्ट्रियाच्या हवाली केले. प्रेत, घटनास्थळ, साक्षीदार, प्रथम तपास करणारे अधिकारी हे सर्व टिरोलमध्ये असता लंडनच्या न्यायासनापुढे खटला उभा करावयाचा कसा? मायदेशी खटला चालवू, हे खंडीय राष्ट्रांचे आश्वासन नेमके या ठिकाणी लंगडे पडते. अधिकार कागदावर मिळाला, तरी पुरावा सरहद्द ओलांडून आपोआप येत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न चार्ल्टन प्रकरणी कसास लागला. पोर्टर चार्ल्टन या अमेरिकन नागरिकावर १९१० मध्ये इटलीतील कोमो सरोवराकाठी पत्नीचा खून केल्याचा आरोप होता. मायदेशी परतताच न्यू जर्सीत तो पकडला गेला, पण परकीय भूमीवरील त्या खुनाचा न्याय करण्याचा अधिकार न्यू जर्सीला नव्हता. १८६८ च्या तहात ‘व्यक्ती’ असा सरसकट शब्द होता. इटली मात्र, आपल्या दंडसंहितेचा आधार घेऊन, स्वतःचे नागरिक अमेरिकेस देत नसे. परस्परभाव नसता आम्हीच का बांधले जावे, असा बचाव आला. आणि तो क्षुल्लक नव्हता. १९१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लर्टन यांच्या निकालाने तो फेटाळला. इटलीच्या वर्तनाने तह फार तर रद्द करण्याजोगा होतो, आपोआप शून्यवत होत नाही. अमेरिकन सरकारने तो पाळण्याचे ठरवले असता आरोपीला तक्रार करता येणार नाही. चार्ल्टनला इटलीच्या स्वाधीन करण्यात आले.

हाच देश १९३६ च्या नायडेकर खटल्यात अडला. फ्रान्सशी झालेल्या तहात कोणताही पक्ष आपले नागरिक देण्यास बांधील नाही, असे शब्द होते. बंधन नाही म्हणजे अधिकारही नाही, असा अर्थ करून न्यायालयाने आरोपींना सोडले. स्वनागरिक देण्याचा स्वेच्छाधिकार सरकारला कायद्याने मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले.

भारताने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. १८६० च्या दंडसंहितेच्या चौथ्या कलमात नागरिकाने परदेशात केलेले गुन्हे येत. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे. प्रत्यर्पण अधिनियम १९६२ चा. त्यात १९९३ मध्ये घातलेल्या ३४-अ कलमान्वये, ज्यास परत पाठवता येत नाही त्याच्यावर येथे खटला चालवता येतो. तहांत मात्र एकवाक्यता नाही. अमेरिकेशी १९९७ मध्ये झालेल्या तहात नागरिकत्व हे नकाराचे कारण मानलेले नाही. फ्रान्सशी २००३ मध्ये झालेल्या तहात स्वनागरिक वगळले आहेत. एकाच प्रकारच्या गुन्ह्यातील दोन भारतीयांपैकी एकाची रवानगी होईल व दुसऱ्याचा खटला भारतात चालेल, ही शक्यता त्यामुळे उरते. त्या दुसऱ्या खटल्यापुरते टिरोलच्या साक्षीदारांचे कोडे भारतीय न्यायालयापुढे येते.