धातूची झडप आणि रक्त पातळ करणारी गोळी

हृदयात धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर पक्षाघाताचा धोका दोन बाजूंनी येतो. डावी कर्णिका आकुंचन न पावता नुसती थरथरते, रक्त तिथे साचते आणि गोठते. झडपेच्या परक्या पृष्ठभागावरही गुठळी धरते. यांतली कोणतीही सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात होतो. भारतात या दुखण्याचे मूळ बहुधा लहानपणीच्या संधिवाताच्या तापात असते. त्या तापाने डाव्या कर्णिकेच्या तोंडाशी असलेली मिट्रल झडप आक्रसते आणि कर्णिका फुगत जाते.

यावरचे औषध झडपेच्या आधी सापडले, तेही गोठ्यात. 1920 च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. 1933 मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्याकडे आला. लिंक यांच्या प्रयोगशाळेने 1939 मध्ये चाऱ्यातला, रक्त गोठू न देणारा डायकुमारॉल वेगळा काढला. त्याच कुळातले वॉरफरिन 1948 मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांसाठी मान्य झाले. 1960 मध्ये शल्यचिकित्सक अल्बर्ट स्टार आणि अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांची पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप आली. रुग्ण जगू लागले, पण गुठळ्यांचा प्रश्न उभा राहिला आणि गोळी जन्माची सोबतीण झाली.

आयात झडपा भारतीय रुग्णाला परवडत नसत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने देशी झडप घडवायला घेतली. नीलमणीच्या स्फटिकाची चकती वापरून पाहिली, ती प्राण्यांवरील चाचणीत फुटली. शेवटी कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि पॉलिथिलीनची चकती जमली. 6 डिसेंबर 1990 रोजी चित्रा झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसली.

झडप स्वस्त झाली, तरी गोळीचा हिशेब सुटला नाही. रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळा येई. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्येच आयएनआर हे समान माप स्वीकारले होते. निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. धातूच्या झडपेला एट्रियल फिब्रिलेशनची जोड असेल, तर तो साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात. कमी झाला तर गुठळी, फार वाढला तर रक्तस्राव. भारतात वॉरफरिनइतकेच अ‍ॅसेनोकुमारॉलही चालते. दोन्ही गोळ्या व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करतात आणि ते हिरव्या पाल्यात भरपूर असते. कुंभकोणमच्या जेवणातली कीरै ही पालेभाजी असो की पुण्याची पालक-मेथी, ती बंद करायची नसते. दर आठवड्याला साधारण सारखीच खायची असते.

रक्ततपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्यांनी ही जागा घेण्याचा प्रयत्न केला. धातूच्या झडपांवरची डॅबिगॅट्रानची चाचणी 2012 मध्ये, तर अ‍ॅपिक्सॅबानची 2022 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. त्यामुळे या रुग्णांसाठी जुनी गोळी आणि आयएनआर हाच आजही मान्य उपचार आहे.