टोकियोचे मोफत उपचार: मोजायचं काय?

आज जाऊया टोकियोला. १९६७ मध्ये रियोकिची मिनोबे तिथले गव्हर्नर झाले. डिसेंबर १९६९ पासून त्यांनी सत्तरीपुढच्या बहुतेक आजी-आजोबांचे उपचार मोफत केले. विम्यातून न मिळणारा, रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा आता टोकियोचं सरकार भरू लागलं. इतर शहरांनीही तेच केलं आणि जानेवारी १९७३ मध्ये योजना देशभर लागू झाली.

मग खर्च फुगला. दवाखान्याची वेटिंग रूम म्हणजे म्हाताऱ्यांचा कट्टा झालाय, अशी टीका सुरू झाली. शेवटी फेब्रुवारी १९८३ मध्ये फी परत आली. ओपीडीसाठी महिन्याला ४०० येन.

मला खटकतं ते हे, की टीका करणाऱ्यांनी मोजली फक्त गर्दी. पण त्या गर्दीत दोन प्रकारची माणसं असणार ना? एक, आधी पैशांअभावी दुखणं अंगावर काढणारी. ती आली, हे तर योजनेचं यश! दुसरी, घरी बोलायला कुणी नसलेली. त्यांना गोळ्या नाही, खरंच कट्टा हवा होता. दोघांना एकाच आकड्यात कोंबलं, की यशसुद्धा उधळपट्टी दिसतं.

तुमच्या शहराच्या बजेटमध्ये ज्येष्ठांसाठीचा आकडा दिसला, तर नुसतं ‘किती खर्च झाला’ विचारू नका. ‘कुणाचं काय अडलं होतं, आणि ते सुटलं का’ हेही विचारा.