वाचनखूण : कोणाच्या हातची?

आज आपण एका फार लहान वस्तूचा इतिहास बघणार आहोत. वाचनखूण, म्हणजे आपला रोजचा बुकमार्क. पुस्तक-प्रदर्शनात एखादी चित्रकार स्वतः रंगवलेले बुकमार्क मांडून बसलेली असते. शेजारच्या स्टॉलवर पुस्तकाबरोबर छापील बुकमार्क फुकट मिळतो. तरी आपण तिच्यापाशी थांबतो, पैसे देऊन एक घेतो. असं का होतं?

आपल्या पोथीला ही वस्तू फारशी लागत नव्हती. पानं सुटी, वाचलेलं पान उलटून बाजूला ठेवायचं आणि शेवटी सगळी पोथी रुमालात बांधायची. शिवलेलं पुस्तक हाती आलं तशी खुणेची गरज वाढली. मग आपण मोरपीस ठेवलं, जाळी पडलेलं पिंपळपान ठेवलं. पण विकत घ्यायची वाचनखूण कशी रुजली हे पाहायचं, तर १९व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला जावं लागेल.

कॉव्हेंट्री हे रेशमी फितींचं शहर. इथले अनेक विणकर घराच्या माडीवर, मोठ्या खिडक्यांच्या उजेडात माग चालवायचे. मजुरी ठरायची ती सगळ्यांनी मान्य केलेल्या दरपत्रकावर. १८६० साली इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करार झाला, फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि बाजार फ्रेंच फितींनी भरला. त्याच वर्षी दरपत्रकावरून मालक-विणकरांचं बिनसलं. संप झाला, तो फसला. हजारो माणसं शहर सोडून गेली.

या पडत्या काळात थॉमस स्टीव्हन्स या फीत-उत्पादकानं एक युक्ती काढली. जकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेनं नक्षी विणता येते. त्यानं १८६२च्या सुमारास त्या मागावर रेशमी वाचनखुणा विणायला घेतल्या. फुलं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, प्रार्थना. खाली टोक काढलेलं आणि त्याला गोंडा. १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्याकडे सुमारे ९०० नमुने होते. बंद पडलेल्या मागांपैकी काहींना पुन्हा काम मिळालं, हे त्याचं श्रेय मान्य करायला हवं.

आता एक बारीक गोष्ट बघा. या खुणांच्या दुमडलेल्या टोकावर बहुधा स्टीव्हन्सचं नाव विणलेलं दिसतं. ज्यानं माग चालवला, त्याचं नाव मात्र नाही.

त्याच काळात इंग्लंडमधल्या घराघरांत बायका-मुली बारीक छिद्रांच्या जाड कागदावर रेशमी धाग्यानं अक्षरं भरायच्या, तो कागद फितीवर शिवायच्या आणि आपल्या माणसाला द्यायच्या. ही खूण कोणी केली हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं. पण तिला किंमत नव्हती. ती माया होती, मजुरी नव्हे.

म्हणजे एकीकडे किंमत होती, पण हात अनोळखी. दुसरीकडे हात ओळखीचा होता, पण किंमत नाही. आजचा स्वतंत्र कलाकार हे दोन्ही एकत्र आणतो. तो स्वतः बनवतो, मागे सही करतो आणि दर स्वतः सांगतो. कॉव्हेंट्रीच्या विणकरांनी जे गमावलं, नेमकं तेच! आपल्याला ओढ वाटते ती केवळ सुबकपणाची नाही. सुबक तर मागावरचीही होती.

म्हणून आमचं एवढंच म्हणणं आहे. वारली चित्रांचे बुकमार्क आता दुकानांतही मिळतात, पण चित्र काढणाऱ्याचं नाव त्यावर असतंच असं नाही. घेताना विचारा, 'हे कोणी काढलं?' आणि ज्यानं काढलं तोच समोर असेल, तर निदान त्या बुकमार्कपुरती घासाघीस नको.

१४ नोव्हेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात स्टीव्हन्सचा कारखाना बेचिराख झाला. त्यातल्या वाचनखुणा मात्र लोकांच्या पुस्तकांत राहिल्या, म्हणून वाचल्या.