मोटर न उघडता

डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी १८८९ साली पिंजऱ्यासारख्या रोटरची थ्री-फेज मोटर बनवली. सळ्या आणि त्यांना दोन्ही टोकांशी जोडणारी कडी, एवढाच हा पिंजरा. त्याला बाहेरून एकही तार नाही. म्हणूनच तो दणकट, पण तपासायला कठीण. एखादी सळई तुटली तरी मोटर फिरत राहते. मात्र शेजारच्या सळ्यांवर ताण येऊन त्याही तुटतात आणि सुटलेला तुकडा स्टेटरचे वाइंडिंग फाडू शकतो.

या दोषाची एक खूण म्हणजे अ‍ॅमीटरचा संथपणे डोलणारा काटा. असे का होते? ५० हर्ट्झवरील चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १५०० ऐवजी १४७० फेरे घेत असेल, तर स्लिप २ टक्के. तुटक्या सळईमुळे ५० हर्ट्झच्या प्रवाहात ४८ व ५२ हर्ट्झचे क्षीण प्रवाह मिसळतात आणि काटा सेकंदाला दोनदा डोलतो. पण दोष लहान असताना हे डोलणे डोळ्यांना दिसत नाही.

कूली व ट्युकी यांनी १९६५ मध्ये फूरिए विश्लेषणाची जलद रीत मांडली. १९८०च्या दशकात तिच्या आधारे मोठ्या मोटरी चालू असतानाच तपासल्या जाऊ लागल्या. जवळजवळ सारख्या कंप्रतेचे दोन नादकाटे एकत्र वाजवले की आवाज चढतो-उतरतो. वर्गात हा प्रयोग करताना या काट्याचीही आठवण जरूर द्यावी.