आज्ञावलीचे उत्खनन आणि आलेख

चिकोफ्स्की व क्रॉस यांनी १९९० मध्ये रिव्हर्स इंजिनिअरिंगची व्याख्या करताना प्रणालीचे घटक आणि त्यांचे परस्परसंबंध या दोहोंचा शोध अभिप्रेत धरला. परस्परसंबंध म्हणजे आलेखच : फंक्शन हा बिंदू, एका फंक्शनने दुसऱ्यास बोलावणे ही रेषा. फ्रान्सिस ॲलन यांनी १९७० मध्येच आज्ञावलीतील नियंत्रणाचा प्रवाह आलेखरूपाने मांडला होता. खरा प्रश्न होता तो साठवणुकीचा. १९८४ मध्ये मार्क लिंटन यांनी आज्ञावली तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये ठेवून पाहिली; परंतु एका फंक्शनचा माग दहाव्यापर्यंत न्यायचा, तर तक्ते पुनःपुन्हा जोडावे लागतात.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘वाय-टू-के’च्या निमित्ताने भारतीय कंपन्यांकडे कोबोलमधील जुन्या आज्ञावल्या आल्या. दोन अंकी वर्ष कोठून कोठे पोहोचते, हे आज्ञावलीतूनच शोधावयाचे होते. महाराष्ट्रात या शास्त्राचा पाया पुढेही रुंदावला : आयआयटी मुंबईतील उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला डेटा-प्रवाह विश्लेषणावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

२०१४ मध्ये यामागुची व सहकाऱ्यांनी वाक्यरचना, नियंत्रण व अवलंबन हे तिन्ही आलेख एकत्र गुंफून ग्राफ डेटाबेसमध्ये ठेवले आणि लिनक्सच्या गाभ्यातील १८ अज्ञात दोष शोधले. तेथे मूळ संहिता हाती होती. केवळ संकलित फाइल असेल, तर नावे पुसलेली असतात आणि काही रेषा अनुमानाच्याच असतात. शिलालेखाचा संपादक तर्काने भरलेली अक्षरे चौकटी कंसात देतो. या रेषांनाही तशी खूण असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.